तार जोडली, दिवा लागला, तरी संगणक बोलत का नाहीत?

(रेडिओवर झालेलं बोलणं, वाचकांसाठी थोडं वाढवून)



आज आपण संगणकाच्या ड्रायव्हरबद्दल बोलणार आहोत. ड्रायव्हर म्हटलं की डोळ्यांपुढे जीपवाला नाहीतर ट्रॅक्टरवाला येतो. हा ड्रायव्हर वेगळा. हा संगणकाच्या आत राहतो, दिसत नाही, पगार मागत नाही. पण तो नसला की संघाच्या कार्यालयातलं काम खोळंबतं, आणि पुष्कळदा संघाचे पैसेही विनाकारण जातात. म्हणून त्याची ओळख करून घ्यायची.

आता बऱ्याच ग्रामसंघांत, प्रभागसंघांत, लोकसंचलित साधन केंद्रांत एकापेक्षा जास्त संगणक असतात. एक एखाद्या योजनेतून आलेला, एक शहरातल्या कुणी वापरून झाल्यावर दिलेला, आणि एक लॅपटॉप संघानं स्वतः घेतलेला. तिघांची वयं वेगळी, कंपन्या वेगळ्या. प्रिंटर मात्र एकाच्याच शेजारी. मग लेखापाल ताई एका संगणकावर कर्जाचे हप्ते भरतात, सीआरपी ताई दुसऱ्यावर बैठकीचा अहवाल लिहितात, आणि दोघींच्या मध्ये पेनड्राइव्ह फिरत राहतो. त्या पेनड्राइव्हबरोबर व्हायरसही फिरतो. शिवाय एकच यादी दोन ठिकाणी दोन तऱ्हेची होते. मंगलताईंचा हप्ता एका यादीत भरलेला आणि दुसरीत थकलेला दिसला, तर बैठकीत वाद होणारच.

यावर उपाय म्हणून कुणीतरी म्हणतं, संगणक तारेनं जोडून घेऊ. तार आणतात, जोडतात. दिवा लुकलुकतो. पण एका संगणकाला दुसरा दिसत नाही. दुरुस्तीवाला येतो, बघतो आणि म्हणतो, “याचा ड्रायव्हर मिळत नाही. जुना झालाय. नवीन घ्या.” नवीन घ्यायचा ठराव आपण करतो, सह्या आपल्या असतात. सह्या आपल्या असतील, तर त्याआधीचे प्रश्नही आपल्यालाच विचारता आले पाहिजेत.

इंटरनेट नसलं तरी जाळं चालतं

पहिली गोष्ट. एका खोलीतले किंवा एका इमारतीतले संगणक एकमेकांना जोडले, की त्याला लॅन म्हणतात. म्हणजे जवळच्या जवळ विणलेलं जाळं. यासाठी इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. रेंज गेली, तरी या संगणकावरची यादी त्या संगणकावर उघडते आणि प्रिंटही निघते.

या जाळ्यात चार वस्तू असतात. प्रत्येक संगणकात एक नेटवर्क कार्ड असतं. बहुतेक वेळा ते वेगळं दिसत नाही, मुख्य बोर्डावरच बसवलेलं असतं. बाहेरून फक्त एक चौकोनी भोक दिसतं. दुसरी वस्तू तार, तिला लॅन केबल म्हणतात. तिसरी, मधली छोटी पेटी, स्विच. तिला पाच किंवा आठ भोकं असतात आणि सगळ्या तारा तिच्यात येऊन मिळतात. घरात इंटरनेटचा राउटर असेल, तर त्याच्या मागच्या भोकांचाही असाच उपयोग होतो. आणि चौथी, न दिसणारी वस्तू म्हणजे ड्रायव्हर.

तारेचा करार

मोबाइलचे जुने चार्जर आठवतात? एका कंपनीची पिन बारीक, दुसरीची जाड, तिसरीची चपटी. पाहुण्यांकडे गेलं की चार्जर मिळायचा नाही. लॅनच्या तारेचं तसं झालं नाही, कारण कंपन्यांनी वेळीच एक करार केला.

या पद्धतीचं नाव इथरनेट. १९७३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ती उभी केली. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून तिचे नियम छापून जाहीर केले. १९८३ साली अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संस्थेनं तिला मानक म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून कुठल्याही कंपनीनं कार्ड बनवलं, तरी तारेवर काय पाठवायचं, कसं पाठवायचं, हे एकसारखं असतं.

या करारामुळे आपल्याला काय मिळालं, ते पाहू.

तारेच्या टोकाला प्लॅस्टिकचा खटका असलेला प्लग असतो. त्यात आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. हा प्लग पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकातही बसतो आणि आजच्या राउटरमध्येही बसतो. एक तार साधारण १०० मीटरपर्यंत चालते. म्हणजे कार्यालय आणि शेजारचं प्रशिक्षण केंद्र आरामात जोडता येतं.

वेगाचंही तसंच. जुन्या कार्डाचा वेग १०० असतो, नव्याचा १०००. दोन्ही जोडले, की ते आपसात ठरवून घेतात आणि दोघांना झेपेल त्या वेगानं बोलतात. म्हणजे १०० वर. वेगवान बाई हळू चालणाऱ्या बाईबरोबर पाण्याला निघाली, की दोघी एकाच चालीनं चालतात, तसं. म्हणून “जुनं कार्ड नव्या स्विचला चालणार नाही” असं कुणी म्हणालं, तर ते सहसा खरं नसतं.

आणखी एक बारकावा. १०० च्या वेगाला आठपैकी चारच तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. उंदरानं तार कुरतडली किंवा प्लग नीट दाबला नसला, तर जाळं पूर्ण बंद न पडता कधी कधी फक्त हळू होतं. काम अचानक मंदावलं, तर आधी तार बदलून बघा. संगणकाला लगेच दोष देऊ नका.

भोकाजवळ छोटा दिवा असतो. तो लागला, तर तार आणि पलीकडची पेटी ठीक आहे असं समजा. न लागला, तर दुसरी तार लावून पाहा, स्विचचं दुसरं भोक वापरून पाहा. एवढं करायला दुरुस्तीवाला लागत नाही.

मग अडतं कुठे? घरातल्या म्हशीपाशी

आता मुख्य मुद्दा. करार झाला, प्लग बसला, दिवा लागला. तरी संगणक बोलत नाहीत. का?

दूध संकलन केंद्र डोळ्यांपुढे आणा. तिथे काय पाहतात? माप आणि फॅट. तुमची म्हैस मुऱ्हा आहे की पंढरपुरी, ती रेडकू सोडल्यावर पान्हावते की पुढ्यात पेंड ठेवल्यावर, याच्याशी केंद्राला काही देणं-घेणं नसतं. केंद्राचा नियम दारापाशी सुरू होतो. पण घरात? घरात म्हशीच्या सवयी माहीत असलेलं माणूसच लागतं. परका हात लागला, की म्हैस दूध चोरते.

तारेचा करार हा संकलन केंद्राचा नियम आहे. तारेवर काय जायचं, हे त्यानं ठरवलं. पण संगणकानं आपल्याच पोटातल्या कार्डाला हुकूम कसा द्यायचा, हे त्यानं ठरवलेलं नाही. प्रत्येक कंपनीच्या कार्डाची रीत वेगळी. कुठलं बटण दाबल्यावर ते जागं होतं, माहिती कुठे ठेवली की उचलतं, आलेली माहिती कुठे आणून देतं, हे सगळं वेगवेगळं. ही रीत माहीत असलेला छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो म्हशीचा माहीतगार आहे.

यातून दोन गोष्टी कळतात, आणि दोन्ही पैशांच्या आहेत.

एक. दोन संगणकांत एकाच कंपनीचं कार्ड असायची गरज नाही, आणि एकच ड्रायव्हर असायचीही गरज नाही. तुमचं दूध आणि शेजारणीचं दूध एकाच कॅनमध्ये जातं. प्रत्येक संगणकाला त्याचा स्वतःचा ड्रायव्हर मिळाला, की तारेवर सगळे सारखेच. आमच्या रेडिओ केंद्रातलंच उदाहरण घ्या. रेकॉर्डिंगचा संगणक लिनक्सवर चालतो, हिशोबाचा जुना संगणक विंडोज ७ वर आणि बातम्यांचा लॅपटॉप विंडोज ११ वर. तिघांची कार्डं वेगळी, ड्रायव्हर वेगळे. तरी एका स्विचवर तिघांची देवाणघेवाण रोज होते.

दोन. एका संगणकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला उगाच देऊन चालत नाही. “त्या लॅपटॉपची सीडी आहे ना, तीच याला टाकू” हे चालेल की नाही, ते तीन गोष्टींवर अवलंबून असतं.

तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत

पहिली, चिप. खोक्यावर किंवा लॅपटॉपच्या झाकणावर जे मोठं नाव असतं, ते विकणाऱ्या कंपनीचं असतं. आतल्या नेटवर्क कार्डाची चिप बहुधा दुसऱ्याच कंपनीची असते. रियलटेक, इंटेल, ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक ही त्यातली नावं. ड्रायव्हर चिपचा लागतो, झाकणावरच्या नावाचा नाही. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांतही चिपा वेगळ्या निघू शकतात. उलट, दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांत एकच चिप असली, तर एकच ड्रायव्हर दोन्हीला चालून जातो.

दुसरी, ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज एक्सपीसाठी लिहिलेला ड्रायव्हर विंडोज १० ला चालेल असं नाही. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सला चालत नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं आधार देणं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला. आधार थांबला, की नव्या कार्डांचे कारखानेही जुन्या विंडोजसाठी ड्रायव्हर लिहिणं हळूहळू सोडतात. नव्या लॅपटॉपवर हिशोबाच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी कुणी विंडोज ७ टाकून दिलं, की नेटवर्क चालत नाही, त्याचं कारण हेच. कार्ड विंडोजपेक्षा वयानं लहान आहे, त्यामुळे विंडोजला ते माहीतच नाही.

तिसरी, ३२ की ६४ बिट. विंडोज दोन बांधणीचं असतं. ३२ बिटचं साधारण ४ जीबीपर्यंतचीच मेमरी मोजू शकतं, ६४ बिटचं त्याहून कितीतरी जास्त. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा साधा प्रोग्रॅम चालतो, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं.

हे असं का? साधा प्रोग्रॅम ओसरीवर बसून काम करतो, त्याला सांभाळून घेता येतं. ड्रायव्हर थेट माजघरात जातो, संगणकाच्या गाभ्यात. तिथे घराच्या रीतीप्रमाणेच वागावं लागतं. म्हणूनच नव्या लॅपटॉपवर जुना हिशोबाचा प्रोग्रॅम उघडतो, पण जुना प्रिंटर मात्र हलत नाही. आणि म्हणूनच ड्रायव्हर बिघडला, की सगळा संगणकच निळा पडदा दाखवून बसतो.

माजघरात येणारा माणूस ओळखीचा हवा. ६४ बिटचं विंडोज ड्रायव्हरवर खरेपणाची डिजिटल सही मागतं. “ही सही नाही” अशी सूचना आली, तर ती बंद करून पुढे जाऊ नका. “तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट नवे करून देतो” असं सांगणारे प्रोग्रॅमही टाकू नका. आपल्या संगणकात बायकांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती असतात. ड्रायव्हर घ्यायचा तो संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मागच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक टाकून. नाहीतर चिपच्या कंपनीकडून.

चिपचं नाव कसं वाचायचं?

हे काम कुठलीही ताई करू शकते. पडद्याच्या खालच्या ‘स्टार्ट’ बटणावर माउसचं उजवं बटण दाबा. यादी उघडते, त्यात ‘डिव्हाइस मॅनेजर’ निवडा. विंडोज ७ असेल, तर स्टार्ट दाबून तेच नाव शोधा. संगणकाच्या सगळ्या अवयवांची यादी समोर येते. त्यात ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ उघडा. तिथे चिपचं नाव दिसतं.

नावाऐवजी पिवळी खूण आणि ‘अननोन’ किंवा ‘इथरनेट कंट्रोलर’ एवढंच दिसलं, तर समजा की कार्ड आहे पण ड्रायव्हर नाही. कार्ड बिघडलं असाच त्याचा अर्थ होत नाही. आता त्या ओळीवर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, मग ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांबलचक अक्षर-आकड्यांची ओळ दिसेल. त्यात व्ही-ई-एन या तीन अक्षरांपुढे चार खुणा असतात, तो चिप बनवणाऱ्याचा क्रमांक. डी-ई-व्ही पुढे आणखी चार, तो चिपच्या प्रकाराचा. उदाहरणार्थ, व्ही-ई-एन पुढे ८०८६ असेल तर चिप इंटेलची. १०ईसी असेल तर रियलटेकची. गाईच्या कानातल्या बिल्ल्यासारखाच हा क्रमांक. गाय बोलत नाही, पण बिल्ला बोलतो.

या ओळीचा मोबाइलवर फोटो काढा. दुरुस्तीवाल्याला फोन करताना “नेट चालत नाही हो दादा” एवढंच न सांगता “दादा, चिप रियलटेकची आहे, विंडोज १० आहे, ६४ बिट आहे, ड्रायव्हर मिळेल का?” असं विचारा. उत्तर बदलतं, आणि पुष्कळदा बिलही बदलतं. ३२ की ६४, हे ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’, मग ‘अबाउट’ इथे ‘सिस्टीम टाइप’ या ओळीत लिहिलेलं असतं.

ड्रायव्हरसाठी नेट हवं, नेटसाठी ड्रायव्हर हवा

इथे एक गाठ पडते. नेटवर्कचा ड्रायव्हर इंटरनेटवर आहे, आणि इंटरनेटवर जायला तोच ड्रायव्हर हवा. विहिरीतून पाणी काढायचा पोहरा विहिरीतच पडावा, तसं. ही गाठ तीन प्रकारांनी सोडवता येते.

एक, दुसऱ्या संगणकावरून ड्रायव्हर उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हनं आणा.

दोन, स्मार्टफोन चार्जिंगच्या तारेनं संगणकाला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोज ७ पासूनच्या विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये याला लागणारा ड्रायव्हर बहुधा आधीच असतो. फोनच नेटवर्क कार्डाचं काम करतो.

तीन, लिनक्सची पेनड्राइव्ह. लिनक्स ही मोकळी, फुकट मिळणारी प्रणाली. तिची सुरुवात १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं केली. तिच्या गाभ्याबरोबरच हजारो वस्तूंचे ड्रायव्हर येतात, जुन्या कार्डांचेही. काही जातीचं लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, संगणकातलं काहीही न पुसता. तिथे नेटवर्क चाललं, तर पक्कं कळतं की कार्ड धडधाकट आहे, दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा आहे. न चाललं, तर मात्र लगेच कार्डाला बाद करू नका. काही चिपांना, विशेषतः वायफायच्या, लिनक्समध्येही आणखी एक फाइल वेगळी द्यावी लागते.

आणि ड्रायव्हर कुठेच मिळाला नाही तर? तर काही शे रुपयांत यूएसबीला लावायचा लॅन अ‍ॅडॅप्टर मिळतो. तो घेताना त्याच्या खोक्यावर आपल्या विंडोजचं नाव आहे का, ते पाहून घ्या. एका कार्डापायी अख्खा संगणक भंगारात काढायचा नाही.

वायफायचं कार्ड

वायफायलाही चिप आणि ड्रायव्हर लागतो, आणि वरच्या तिन्ही गोष्टी त्यालाही लागू. शिवाय दोन बाबी जास्तीच्या.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बरेच जुने लॅपटॉप फक्त २.४ वर ऐकतात. राउटर फक्त ५ वर ठेवला, तर त्या लॅपटॉपला वायफायचं नावच दिसत नाही. ड्रायव्हर कितीही चांगला असला, तरी जे कानच नाहीत ते ऐकणार कसे? राउटरमध्ये २.४ चा पट्टाही चालू ठेवा. तसंच राउटरची सुरक्षा फक्त नव्या ‘डब्ल्यूपीए३’ प्रकारावर ठेवली, तर जुनी यंत्रं जोडली जात नाहीत. ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘३’ दोन्ही चालतील असं सेटिंग असतं, ते निवडा.

दुसरं, यूएसबीला लावायचा वायफाय डोंगल. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या डोंगलात पहिल्या खेपेला एक चिप आणि पुढच्या खेपेला दुसरीच चिप, असं होतं. खाली बारीक अक्षरांत ‘व्ही १’, ‘व्ही २’ लिहिलेलं असतं. कुकरची रिंग घेताना नुसता आकार पाहून चालत नाही, तसंच हे. ड्रायव्हर शोधताना ही बारीक अक्षरं वाचा.

ड्रायव्हर बसला, तरी शेजारी दिसत नाही?

कधी कधी दोन्हीकडे ड्रायव्हर नीट बसलेला असतो, तरी एका संगणकातलं फोल्डर दुसऱ्याला उघडत नाही. मग ड्रायव्हरला दोष देऊ नका. तीन जागा पाहा.

विंडोजनं या जाळ्याला ‘पब्लिक’ मानलंय की ‘प्रायव्हेट’? पब्लिक म्हणजे बाजारपेठ. तिथे संगणक दार लावून घेतो. कार्यालयातल्या आपल्या जाळ्याला ‘प्रायव्हेट’ करा. बाहेरच्या, एसटी स्टँडवरच्या वायफायला मात्र पब्लिकच राहू द्या.

दुसरं, फोल्डर ज्या संगणकात आहे, त्यात पासवर्ड असलेलं खातं ठेवा. बिनपासवर्डाचं उघडं फोल्डर नव्या विंडोजला पसंत नसतं. आपल्यालाही नसावं.

तिसरं, बोलीभाषा. फोल्डर वाटून घ्यायची एक फार जुनी पद्धत आहे, तिचं नाव एसएमबी १. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा हल्ला जगभर पसरला, तो याच जुन्या पद्धतीतल्या दोषातून. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० पासून ती पद्धत नव्यानं बसवलेल्या विंडोजमध्ये ठेवलेलीच नसते. विंडोज एक्सपीला मात्र तेवढी एकच पद्धत येते. म्हणून एक्सपीचा संगणक आणि नवा लॅपटॉप यांची तार जुळते, ड्रायव्हर चालतात, पण फोल्डर उघडत नाही. त्यासाठी जुनी पद्धत पुन्हा चालू करून घेऊ नका, ते कुलूप काढून ठेवण्यासारखं आहे. जुन्यावरची माहिती नव्यावर आणा, किंवा जुन्यात हलकं लिनक्स टाकून घ्या. आधार थांबलेलं विंडोज ठेवायचंच असेल, तर त्याला इंटरनेट देऊ नका.

प्रिंटरचंही ध्यानात ठेवा. एका संगणकाला जोडलेला प्रिंटर जाळ्यातून सगळ्यांना वापरता येतो, पण ज्या ज्या संगणकावरून प्रिंट काढायची, त्या प्रत्येकाला प्रिंटरचा ड्रायव्हर लागतो, आपापल्या विंडोजचा.

संगणकाचं कार्ड भरा

आपण बाळाचं लसीकरण कार्ड जपून ठेवतो. तसंच प्रत्येक संगणकाचं एक कार्ड करा आणि संघाच्या फाइलीत लावा. त्यावर एवढं लिहा: मॉडेल क्रमांक, विंडोज कुठलं, ३२ की ६४ बिट, तारेच्या कार्डाची चिप, वायफायची चिप, त्यांचे क्रमांक. चालू स्थितीत असतानाच ड्रायव्हर उतरवून एका पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्यावर संगणकाचं नाव चिकटवा. विंडोज पुन्हा टाकायची वेळ येईल, तेव्हा हाच पेनड्राइव्ह कामाला येईल.

जुना संगणक कुणी देणगी म्हणून देत असेल किंवा नवीन विकत घ्यायचा असेल, तर हो म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. यात विंडोज कुठलं चालतं, आणि त्याला आधार अजून आहे का? नेटवर्कचा ड्रायव्हर त्या विंडोजसाठी मिळतो का? तारेचं भोक आहे का? कारण काही पातळ लॅपटॉपांना ते नसतंच. आणि आपला आहे तो प्रिंटर याच्यावर चालेल का? देणाऱ्याला राग येत नाही. आला तरी चालेल. फुकट आलेल्या संगणकावरही दुरुस्तीचा खर्च आपलाच असतो.

पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. दोघी-दोघींनी मिळून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क कार्डाचं नाव मोठ्यानं वाचा. एकीनं वाचायचं, दुसरीनं कार्डावर लिहायचं. हे काम एकाच ताईकडे ठेवू नका. ती बाळंतपणाला माहेरी गेली, तरी कार्यालय चाललं पाहिजे. आणि कुणी “नवीन घ्या” म्हणालं, की ते कार्ड त्याच्यापुढे ठेवून विचारा, “दादा, यातलं नक्की काय जुळत नाही?” उत्तर पटलं, तरच ठराव लिहायला घ्या.

तुमच्या कार्यालयात काय निघालं, ते आम्हाला नक्की कळवा.